मोकळा कोपरा

इस्लामपूरच्या मुलीने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, तेव्हा तिचा मागचा पाय हवेत होता. सगळ्या प्रेक्षकांनी तो पाहिला. पाहिला नाही तो फक्त पंच मार्था लोंढेने.

मागचा पाय हवेत असेल तरच बोनसचा गुण मिळतो. मार्थाने शिट्टी फुंकली आणि हात आडवा हलवून गुण नाकारला. सांगली जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, फरक एकाच गुणाचा होता. इस्लामपूरच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली. भिंतीवरच्या पडद्यावर तोच क्षण सावकाश दाखवला गेला आणि तो पाय जमिनीपासून चांगला वीतभर वर दिसला. मार्थाने निर्णय फिरवला, कर्णधार मुलीला "माझं चुकलं" म्हणाली आणि उरलेला सामना पार पाडला. इतकी वर्षं ती पंच म्हणून उभी राहत होती, पण पडद्याने तिला खोटं पाडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तिची धाकटी बहीण एस्तेर वरच्या ओळीत बसली होती. ती खाली आली तेव्हा मार्था बुटांच्या नाड्या सोडत होती.

"ताई, काय झालं?"

"मधे पांढरं होतं."

"म्हणजे?"

"जिथे बघायला जावं, नेमकं तिथेच पांढरं होतं. कडेचं सगळं दिसतं. तुझ्या खांद्यामागचा तो पंखा दिसतोय. तुझं नाक दिसत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. तेव्हा बारीक ठिपका होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू लगेच दहा तपासण्या लावल्या असत्यास," मार्था म्हणाली. "मला हा सामना करायचा होता."

दोघी मिरजेच्या मिशन कंपाउंडमधल्या बैठ्या घरात राहायच्या. आई-पप्पा गेल्यापासून घरात त्या दोघीच. मार्था शाळेत खेळ शिकवायची, एस्तेर करुणालय रुग्णालयात रसायनतज्ज्ञ होती. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की मार्था म्हणे, "वेळ मिळाला नाही." एस्तेर म्हणे, "अजून विचार करतेय." स्वभावातला हा फरक भाजी घेण्यापासून सगळीकडे दिसायचा. मार्था पहिल्या गाडीवर घेऊन मोकळी व्हायची. एस्तेर बाजाराला वळसा घालून पुन्हा पहिल्याच गाडीवर यायची.

तीन वर्षांपूर्वी मार्थाला रक्ताचा कर्करोग झाला. पहिली दोन औषधं लागू पडली नाहीत. तिसरं, तारविनिब नावाचं, लागू पडलं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची आणि दिवसभर आजार विसरून मैदानात उभं राहायचं, इतकं ते सोपं झालं होतं. कंपाउंडमधले लोकसुद्धा आता तिची चौकशी करायचे थांबले होते.

रक्तविकारतज्ज्ञ डॉ. नजीर बागवान यांनी डोळ्यांचे आणि रक्ताचे अहवाल शेजारीशेजारी ठेवले.

"मार्थाताई, गोळी तिचं काम नीट करतेय. भानगड तुमच्या यकृताची आहे. पोटात गेलेलं प्रत्येक औषध यकृत मोडतं, ते त्याचं कामच आहे. पण हजारांत एखाद्याचं यकृत ही गोळी भलत्याच ठिकाणी मोडतं. त्यातून जो पदार्थ तयार होतो, तो डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर साचतो."

"गोळी थांबवली तर?"

"साचलेलं हळूहळू निघून जाईल. पण दोन-तीन महिन्यांत आजार परत डोकं वर काढेल."

"आणि चालू ठेवली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वर्षभरात वाचता येणार नाही. माणसं आवाजावरून ओळखावी लागतील."

"म्हणजे जीव तरी, नाहीतर डोळे तरी," मार्था म्हणाली. "नाणेफेकच झाली ही."

डॉक्टर एस्तेरकडे वळले. "तिसरा मार्ग तुमच्या तळमजल्यावर आहे, मॅडम. शिंपी."

शिंपी हे त्या यंत्राचं रुग्णालयातलं नाव. कागदोपत्री नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. दोन मोठ्या कपाटांएवढं ते यंत्र करुणालयात येऊन दीड वर्ष झालं होतं आणि बेळगावपासून सोलापूरपर्यंतचे रुग्ण त्यासाठी मिरजेला यायला लागले होते.

औषधाचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बनचा सांगाडा आणि त्याला चिकटलेले हायड्रोजन. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध दिसायला अगदी साधा, पण मोठा हट्टी. तो मजबूत असतो, सहजासहजी कुठल्या रसायनाला दाद देत नाही. शिवाय एका रेणूत असे वीस-तीस बंध असतात आणि ते एकमेकांसारखेच असतात. एक तोडण्याइतकं जहाल रसायन वापरावं, तर ते शेजारचे चारही तोडतं. म्हणून पूर्वीचे रसायनतज्ज्ञ या बंधांच्या वाटेलाच जात नसत. रेणूच्या टोकाला एक अणू बदलायचा असला तरी सगळी बांधणी पहिल्या पायरीपासून नव्याने करावी लागे. सदऱ्याची बाही दोन बोटं आखूड करायची म्हणून शेतात कापूस पेरण्यापासून सुरुवात करावी, तसला हा प्रकार. त्यात वर्षं जात, आणि एका रुग्णासाठी एवढी वर्षं कोण घालवणार?

पण यकृताला हे कोडं कधीच पडलं नव्हतं. त्याच्याकडे विकरं असतात. विकर म्हणजे शरीरातल्या क्रिया घडवून आणणारं प्रथिन. यकृतातल्या या विकरांच्या पोटात एक खोबण असते आणि खोबणीच्या तळाशी लोखंडाचा एक अणू. रेणू खोबणीत एकाच कुशीवर बसतो, त्यामुळे त्याचा एकच हायड्रोजन लोखंडासमोर येतो, आणि तेवढाच तुटतो. शिंपीने हीच युक्ती उचलली होती. त्याच्याकडे मुद्दाम घडवलेल्या लाखो विकरांचा साठा होता. कुठला हायड्रोजन बदलायचा ते सांगितलं, की त्या मापाची खोबण तो शोधून काढायचा. मग लोखंडाने हायड्रोजन ओढून घ्यायचा आणि रिकाम्या जागी फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा आणखी काही बसवायचं. बाकीच्या रेणूला धक्का नाही. दुकानातली गोळी आत जायची आणि एकाच माणसाच्या मापाची होऊन बाहेर यायची.

कायद्याने त्याला 'एकरुग्ण औषध' म्हटलं होतं आणि दोन अटी घातल्या होत्या. रुग्णाच्याच रक्तपेशींपासून वाढवलेल्या यकृतावर, काचेच्या बोटभर चिपमध्ये, औषध आधी तपासायचं. आणि पुण्याच्या स्वतंत्र प्रयोगशाळेने तोच निकाल पुन्हा काढून दाखवायचा. रुग्ण बहीण असल्यामुळे एस्तेरच्या प्रत्येक आकड्यावर डॉ. बागवान सही करणार, असंही ठरलं.

मार्थाचं यकृत तारविनिबच्या नवव्या कार्बनवर घाव घालत होतं. तिथला हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवला की त्या जागी यकृताची डाळ शिजणार नव्हती. कार्बन-फ्लोरिन बंध यकृतालाही तोडता येत नाही. शिंपीला योग्य खोबण लवकरच सापडली, आणि जानेवारीच्या एका दुपारी एस्तेरच्या हातात पांढऱ्या भुकटीची कुपी आली.

मार्था शाळेतून थेट तळमजल्यावर आली होती. कुपी डोळ्यांच्या कडेने बघता यावी म्हणून तिने मान तिरकी केली.

"हेच ना ते? मग आजपासून सुरू करूया."

"अजून चिप बाकी आहे, ताई. तीन आठवडे तरी."

"तीन आठवडे मी ती जुनी गोळी खायची? रोज एक गोळी म्हणजे रोज थोडं पांढरं."

"ही भुकटी जगात कुणीच खाल्लेली नाही. तुझं यकृत तिच्याशी काय करेल ते मला माहीत नाही."

"तुला कधी काय माहीत असतं?" मार्था म्हणाली. "तू पंच असतीस ना, तर मुली म्हाताऱ्या झाल्या असत्या आणि पहिल्या चढाईचा निर्णय यायचा असता."

"आणि तू आधी शिट्टी वाजवतेस आणि मग बघतेस!"

बोलून झाल्यावर एस्तेरला आपण काय बोललो ते कळलं. मार्थाने मान सरळ केली, बहिणीच्या दिशेने क्षणभर पाहिलं आणि जिन्याच्या कठड्याला हात लावत वर निघून गेली. आधी ती कठडा धरायची नाही.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. चहा झाला का, दूध तापवलंस का, एवढंच. दोन आठवड्यांनी मार्थाच्या रक्ताचा नेहमीचा अहवाल आला आणि डॉ. बागवानांनी एस्तेरला बोलावून घेतलं. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या होत्या.

घरी मार्था तांदूळ निवडत बसली होती, बोटांनी चाचपत. एस्तेर समोर बसली.

"गोळी कधी सोडलीस?"

मार्थाने नाही म्हटलं नाही. "आपलं भांडण झालं त्याच दिवशी."

"मरायचंय का तुला?"

"नाही." ती निवडत राहिली. "पण मी माणसांकडे बघून जगलेय, एस्तू. वर्गात कोण रडून आलंय, कुणाचा घोटा दुखतोय, कोण उपाशी आहे, हे मी चेहऱ्यावरून ओळखते. ते गेलं तर माझ्याजवळ काय राहतं? तू तुझी तपासणी कर. तोवर मी माझे डोळे राखते. एवढा सौदा मला करू दे."

एस्तेरला रागवायचं होतं, पण तिला रडू आलं. मार्थाने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि तिला जवळ ओढलं. "रडू नकोस. ते मला दिसत नाही, ऐकू तेवढं येतं. जास्त त्रास होतो."

पुढच्या सोमवारी एस्तेर चिप बघायला बसली. वरवर निकाल चांगला होता. डोळ्यात साचणारा पदार्थ अजिबात तयार झाला नव्हता. दुसरं कुणी असतं तर तिथेच सुटकेचा श्वास सोडला असता. एस्तेरने आलेखाची शेपटी मोठी करून पाहिली. तिथे एक बारीकसा उंचवटा होता, जुन्या गोळीच्या वेळी नसलेला. तिने चिपमधल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. कडेच्या पेशी सुकून गळाल्या होत्या.

चिपवर मार्थाचं यकृत मरत होतं.

काय घडलं ते दोन दिवसांत उलगडलं. नवव्या कार्बनवर फ्लोरिन भेटल्यावर यकृताने शेजारच्या आठव्या कार्बनकडे मोर्चा वळवला होता. तिथून निघणारा पदार्थ पेशीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा चुथडा करत होता. मार्थाने त्या दुपारी ती भुकटी घेतली असती, तर एव्हाना ती कावीळ होऊन अतिदक्षता विभागात असती, आणि कदाचित तिथून परत आलीही नसती.

एस्तेरने हे तिला स्वयंपाकघरात सांगितलं. मार्थाने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"त्या दिवशी मी तुझ्या हातातून ती कुपी ओढून घेणार होते," ती म्हणाली. "खरंच घेणार होते. तू काय केलं असतंस?"

"तुला पकडून ठेवलं असतं."

"तुला जमलं नसतं," मार्था म्हणाली आणि थोडी हसली. मग तिने फडताळातून जुन्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी सुरीने अर्धी केली आणि पाण्याबरोबर गिळली. "अर्धी चालेल का, विचार डॉक्टरांना. डोळ्यांचं जे व्हायचं ते होईल. तू तुझा वेळ घे. मी आता घाई करणार नाही."

डॉक्टरांनी अर्ध्या गोळीला नाखुशीने हो म्हटलं. पेशींची वाढ मंदावली. पांढरा ठिपका मात्र रुंदावत राहिला. फेब्रुवारीत मार्थाला फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. आपल्याला वेळ मिळावा म्हणून बहीण काय किंमत मोजतेय हे एस्तेरला रोज सकाळी त्या अर्ध्या गोळीत दिसायचं.

तिने आठव्या आणि नवव्या दोन्ही जागांवर फ्लोरिन बसवून पाहिला. यकृत शांत राहिलं, पण औषधही शांत झालं. आजारी पेशीतल्या ज्या प्रथिनाला तारविनिब जखडून टाकायचं, त्यात हा नवा रेणू बसेनाच. घट्ट झालेल्या सदऱ्यात हात जात नाही तसं झालं होतं.

हे सांगायला ती शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गेली. मार्था मुलींना बचाव शिकवत होती. मुलींनी एकमेकींचे हात धरून चढाईपटूसमोर घट्ट भिंत केली होती, आणि ती चपळ पोरगी दर वेळी मधूनच कुणाला तरी शिवून परत पळत होती.

"असं कसं चालेल?" मार्था म्हणाली. तिला चेहरे दिसत नव्हते, पण हालचाल कळत होती. "सगळ्या जागा बंद केल्यात तर ती काय परत जाईल होय? चढाईला आलेली पोरगी कुठेतरी घुसणारच. तिला एक कोपरा मोकळा दाखवा. तिला वाटू दे, इथे गुण आहे. आपण ठरवलेल्या जागी तिला नेलं, की मग ती आपली."

एस्तेर मैदानाच्या कडेला उभी होती, ती पुढे आली.

"ताई, ते पुन्हा सांग."

"काय?"

"मोकळ्या कोपऱ्याचं."

मार्थाने पुन्हा सांगितलं. एस्तेरने आपण काय सांगायला आलो होतो ते सांगितलंच नाही. "मी जाते," म्हणाली आणि रिक्षा शोधायला फाटकाकडे जवळजवळ पळतच गेली. मुली हसायला लागल्या.

ती आजवर यकृताला अडवत आली होती. एक दार लावलं की ते शेजारचं फोडत होतं, आणि सगळी दारं लावावीत तर औषधच निकामी होत होतं. त्यापेक्षा यकृताला आवडेल अशी एक जागा आपणच करून द्यावी, नवव्या कार्बनपासून जितकी लांब जमेल तितकी. रेणूच्या दुसऱ्या टोकाला एक कार्बन होता, त्याच्यावर मिथिलचा गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बसवता आला असता. असा उघडा मिथिल दिसला की यकृत आधी त्यावर तुटून पडतं. त्याचं आम्ल करतं, ते पाण्यात विरघळतं आणि मूत्रपिंडातून निघून जातं. डोळ्यात काही नाही, यकृतात काही नाही. शिवाय ते टोक प्रथिनाच्या बाहेर लोंबत असल्यामुळे औषधाच्या कामात त्याची अडचण नव्हती. हे सगळं रसायनतज्ज्ञांना नवीन नव्हतं, एस्तेरलाही माहीत होतं. बहीण आंधळी होतेय या धास्तीने ती फक्त दारं लावत सुटली होती.

अडचण होती ती बंधाची. त्या टोकाचा कार्बन-हायड्रोजन बंध रेणूतला सगळ्यात निर्विकार बंध होता. आसपास त्याला हलवून जागं करेल असा एकही अणू नव्हता, आणि डाव्या-उजव्या बाजूला हुबेहूब तसेच आणखी दोन होते. शिंपीने सगळा साठा धुंडाळला आणि अशी खोबण आपल्याकडे नाही असं कळवलं.

"मग ती घडवूया," डॉ. बागवान म्हणाले. "यंत्र आहे कशाला?"

खोबण घडवायची म्हणजे जवळातलं जवळचं विकर घ्यायचं, त्यात थोडे फेरफार करून हजारो पिल्लं करायची, त्यांतली बरी वेचायची आणि त्यांच्यात पुन्हा फेरफार करायचे. पहिल्या पिढ्यांत मिथिल तिन्ही जागांवर कुठेही बसत होता. मग हळूहळू झुकायला लागला. मार्चच्या अखेरीस एक पिढी अशी आली, की तिने शंभरातल्या नव्याण्णव वेळा नेमका तोच हायड्रोजन उचलला. एस्तेरने तो प्रयोग पुन्हा केला, आणि परत एकदा केला. चुकार एक टक्का गाळून काढला, आणि नवी भुकटी मार्थाच्या चिपवर सोडली.

या वेळी वाट बघणं मार्थाला सोपं गेलं आणि एस्तेरला जड. मार्था रेडिओ ऐकायची, शेजारच्या काकूंकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायची. एस्तेर भाजीत दोनदा मीठ घालायची.

चिपचा निकाल आला. यकृताने नव्या रेणूतला मिथिल पकडला होता आणि बाकी रेणूकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पेशी टवटवीत होत्या. मार्थाच्या रक्तातल्या आजारी पेशी दुसऱ्या चिपवर मरत होत्या, जुन्या गोळीने मरायच्या तशाच. पुण्याहूनही तेच आलं. एकच फरक होता, औषध शरीरातून लवकर बाहेर जाणार होतं, म्हणून गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागणार होती.

"दहादा घेईन," मार्था म्हणाली.

पहिली गोळी तिने डॉ. बागवानांच्या खोलीत घेतली. गिळण्याआधी ती थांबली. एस्तेरला वाटलं, ती प्रार्थना करतेय.

"एस्तू, तुझी खात्री आहे?"

एस्तेरने श्वास घेतला. एरवी तिने तीन शक्यता सांगितल्या असत्या. "आहे," ती म्हणाली.

मार्थाने गोळी गिळली.

रक्ताचे आकडे आधी उतरले. महिन्याभरात ते जागेवर आले. डोळ्यांचं मात्र कुणीच काही सांगेना. साचलेला पदार्थ निघून जाईल, पण त्याने काय कायमचं खाल्लंय ते निघून गेल्यावरच कळेल, असं नेत्रतज्ज्ञ म्हणत होते.

जूनमध्ये डोळे तपासायला गेल्या तेव्हा डॉ. बागवान त्यांना बाहेरच्या बाकड्यांपाशी भेटले. त्यांच्याबरोबर एक किडकिडीत बाई होती, सोलापूरची, टॉवेलच्या मागावर काम करणारी. पद्मा येलदी तिचं नाव.

"यांचं यकृत तुमच्यासारखंच वागतंय, मार्थाताई," डॉक्टर म्हणाले. "तुमचा रेणू यांच्या चिपवर तपासायचाय. पण तो तुमच्या नावावर आहे. कायद्याने तुमची संमती लागते."

"माझ्या नावावर आहे म्हणून काय मी त्याला कुलूप लावून बसू?" मार्था म्हणाली आणि पद्माबाईकडे वळली. "तुम्हालाही मधेच पांढरं दिसतं?"

"धागा तुटला तर दिसत नाही, ताई. हाताला लागतो तेव्हा कळतं. मालक म्हणतो घरी बस."

"बसू नका घरी," मार्था म्हणाली. "आणि ही माझी बहीण. ती थांब म्हणाली तर थांबा. ती उगाच थांबवत नाही."

एस्तेरने खिडकीबाहेर पाहिलं.

आत नेत्रतज्ज्ञांनी मार्थाला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरचा तक्ता उजळला. अंधाऱ्या खोलीत एस्तेर दारापाशी उभी राहिली. तिला बसवत नव्हतं.

"वरून वाचा."

"क," मार्था म्हणाली. ते अक्षर ताटाएवढं होतं. "ग. म. त, र, ल." ती थांबली. एस्तेरने दाराची कडी घट्ट धरली. "प. ष आहे का? नाही, प. न. ज." पुढच्या ओळीला तिला वेळ लागला, एक अक्षर चुकलं, ते तिने स्वतःच दुरुस्त केलं. त्याखालच्या ओळीत दोन चुकली. सगळ्यात खालची ओळ बारीक होती.

"ती राहू दे," नेत्रतज्ज्ञ म्हणाले. "एवढं खूप झालं."

"थांबा हो." मार्था पुढे झुकली. "हे अक्षर नाही, काहीतरी छापलंय खाली. मुद्रक... गणेश... नाही, गजेश. गजेश आर्ट प्रिंटर्स, माधवनगर."

नेत्रतज्ज्ञ उठून तक्त्याजवळ गेले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवून खाली वाकून पाहिलं. "माझ्या या खोलीत हा तक्ता आठ वर्षं आहे," ते म्हणाले. "हे मी आज वाचलं."

दुसरा डोळा थोडा मागे होता. मध्यावर एक फिकट डाग राहिला होता, तो कदाचित राहील, असं ते म्हणाले. पण नवीन काही साचत नव्हतं आणि जुनं ओसरत होतं.

"दुचाकी चालवू का?" मार्थाने विचारलं.

"दिवसा. गावातल्या गावात. सावकाश."

बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं. एस्तेर पायऱ्यांवर आली आणि तिथेच खाली बसली. जानेवारीपासून तिने पाठ कुठे टेकली नव्हती असं तिला वाटलं. मार्था शेजारी उभी राहून तिच्याकडे बघत होती, मान तिरकी न करता, सरळ.

"किती वाळलीयेस गं," ती म्हणाली. "डोळ्यांखाली काळं आलंय. मला कुणी सांगितलं नाही ते?"

"तुला दिसत नव्हतं म्हणून बरं होतं."

"चल. किल्ली दे. गाडी मी चालवते."

एस्तेरने किल्ली दिली. स्कूटर रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडली, डावीकडे वळली, एका हातगाडीला नीट वाट देऊन पुढे झाली. मार्था रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. औषधांचं दुकान. सतारींचं दुकान. शिकवणी. भाड्याने देणे आहे. एस्तेरने तिच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"झोपू नकोस," मार्था ओरडली. "पडशील! धरून बस!"

एस्तेरने दोन्ही हातांनी तिची कंबर धरली आणि झोपून गेली.